जोडस्वाराची घोडी

माझा मावसभाऊ पुण्यात इंजिनिअरिंगला होता. एका दिवाळीच्या सुट्टीत तो आमच्याकडे कोल्हापूरला आला, तेव्हा त्याच्या सॅकमध्ये एका जाड इंग्रजी पुस्तकाची झेरॉक्स होती. हा खेळ आहे, तो म्हणाला. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, आणि पुढं काय होईल ते नक्की नसेल तिथं फासा टाकायचा. चार दिवस आम्ही दोघं तेच करत बसलो. जाताना झेरॉक्स त्यानं माझ्याकडंच ठेवली.

मी तेव्हा बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला होते. नव्वदचं दशक संपत आलं होतं. वर्गातल्या मैत्रिणीला मी हा खेळ दाखवला आणि तिनं तिच्या मोठ्या भावाला. तो शिरोली एमआयडीसीत पॅटर्न शॉपमध्ये कामाला होता. फौंड्रीत लोखंड ओतण्याआधी वाळूत ज्या लाकडी आकाराचा ठसा घेतात, तो आकार घडवणारा माणूस. मी त्याला दादाच म्हणायची. खेळाला वीस बाजूंचा फासा लागायचा आणि तो कोल्हापुरात कुठं मिळणार? दादानं सागाच्या तुकड्यातून तासून, घासून एक केला. वीसही बाजू त्रिकोणी, आकडे तापवलेल्या सुईनं कोरलेले. महिनाभर लागला त्याला. त्याचा गुळगुळीतपणा हाताला अजून आठवतो.

रविवारी सकाळी त्यांच्या घरचे सगळे विहारातून वंदना करून आले, जेवणं झाली, की दुपारी आम्ही तिघं बसायचो. गोष्ट सांगायचं काम माझं. पुस्तकात प्रत्येक माणसाला एक क्लास होता, म्हणजे तो योद्धा, की मांत्रिक, की चोर, ते ठरलेलं. मराठीत वही करायला घेतली तेव्हा मी सहज म्हणाले, "क्लासला आपण जात लिहूया? घोड्याची जात, आंब्याची जात म्हणतो तसं."

दादानं मान वर केली. "जात न्हाय लिव्हायचं."

"अहो, मी तसं नव्हते म्हणत."

"कसंबी म्हण. जन्माला आल्या आल्या मिळतंय ते न्हाय हे. हे शिकून होतंय. पेशा लिव्ह."

मी पेशा लिहिलं. मला खूप वेळ खाली बघून बसावंसं वाटलं होतं, पण त्यानं लगेच पुढचं पान उलटलं.

त्या पुढच्या पानांचीच गोची होती. घोडेस्वारांचं प्रकरण जिथं सुरू व्हायला हवं तिथं झेरॉक्सवाल्यानं दहा-बारा पानं गाळली होती. चिलखत घातलेल्या एका स्वाराचं चित्र आणि त्यानंतर थेट जादूच्या काठ्या. घोड्यावर बसलेल्या लढवय्याचे नियमच नाहीत. मैत्रीण म्हणाली, "मग आपणच करूया की."

सोपं वाटलं होतं. पण करायला बसल्यावर कळलं की घोडेस्वार खेळात बसवणं अवघड आहे. घोड्यावर असेपर्यंत तो सगळ्यांना भारी पडतो, खाली उतरला की कुचकामी. गुहेत, भुयारात घोडा जात नाही. बरं, घोड्याला जीवाचे आकडे कमी दिले तर पहिल्याच बाणात तो मरतो आणि जास्त दिले तर लोक घोड्याच्याच आड लपून लढतात. आम्हा तिघांपैकी एकानंही कधी घोड्याच्या पाठीवर हात ठेवला नव्हता.

घोडा मात्र शेजारीच होता. त्यांच्या घराला लागून एक टांगेवाले आबा राहायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती मुलगी आजऱ्याला दिलेली. स्टँडवर तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतके टांगे उरले होते, त्यातला एक त्यांचा. घोडी पांढरी, कानांची टोकं तेवढी तांबूस. आम्ही वही घेऊन त्यांच्यापुढं उभे राहिलो तेव्हा ते तिच्या खुरातली घाण काढत होते.

"आबा, घोडं लढाईत काय करतंय?" मैत्रिणीनं विचारलं.

"पळून जातंय," आबा म्हणाले. "शाना असतोय त्यो."

मग त्यांनीच आम्हाला शिकवलं. घोड्याला मागचं दिसतं, पण अगदी कपाळापुढचं दिसत नाही. पडलेल्या माणसावर तो होता होईल तो पाय देत नाही. वाऱ्यानं फडफडणारी ताडपत्री त्याला तलवारीपेक्षा भयंकर वाटते. घाम आलेला असताना पोटभर पाणी पाजायचं नाही. उतारावर बसणाऱ्यानं अंग मागं टाकायचं, नाहीतर सगळा भार घोड्याच्या पुढच्या पायांवर. आणि चाबकानं घोडं पळतं ते तेवढ्यापुरतं. "भरवसा असंल तर आगीतबी जाईल. नसंल तर घरच्या दारातबी अडून बसंल."

त्या एका वाक्यावर आमचे सगळे नियम उभे राहिले. प्रत्येक स्वाराच्या घोड्याला आम्ही भरवसा नावाचा आकडा दिला. सुरुवातीला पाच, मग जसजसं सोबत राहणं होईल तसा वाढणारा. कठीण प्रसंगी फासा टाकायचा. भरवशाइतका किंवा त्याहून कमी आकडा पडला तर घोडा ऐकणार, जास्त पडला तर नाही. मग पेशे सुचत गेले. मैत्रिणीचा घाटस्वार, बुटक्या तट्टावरचा, राधानगरीच्या जंगलासारख्या चिखलात आणि उतारावर इतरांचे पाय सुटतात तिथं चालणारा. माझा सांगावास्वार, लढाई टाळून निरोप पोचवणारा, त्याला थकवा उशिरा यायचा. भालास्वार कुणालाच आवडला नाही, पण पुस्तकात चित्र होतं म्हणून ठेवला.

दादाचा पेशा सगळ्यात शेवटी आला. जोडस्वार. त्यानं लिहिलं होतं की स्वार आणि घोडं दोघांचा जीव मिळून आकडा एकच. घाव कुणालाही बसो, कमी तोच होणार. बदल्यात भरवसा दुपटीनं वाढणार. जीव शून्यावर आला की एकदाच फासा टाकायचा. भरवशाच्या आत पडला तर घोडं उठेल, दोघं वाचतील. नाहीतर दोघंही गेले.

"हा टिकणार नाही दादा," मी म्हणाले. "दोन अंगं, दोन्हीकडं मार. घोडा मेल्यावर स्वारानं खाली उतरून लढायला काय हरकत आहे?"

"मग बाकीच्यांत आन् ह्येच्यात फरक काय? घोडं मेलं की ह्योबी मेला. आसंच ठिव."

मी तसंच ठेवलं.

पावसाळ्यानंतर एका रविवारी आम्ही असेच काहीतरी विचारायला गेलो तर घोडी खाली बसलेली. पोटात कळ होती तिच्या. उठायची, मान वळवून स्वतःच्याच कुशीकडं बघायची, पुन्हा बसायची. आबा सकाळपासून तिला फिरवत होते. ढोरांचे डॉक्टर येऊन सुई देऊन गेले होते. आम्ही दोघी दारातच उभ्या राहिलो. दादानं आबांच्या हातातला कासरा घेतला, पण तिला चालवेना. पुढचे पाय रोवून ती अर्धी उठली, मागचे काही उचलले नाहीत. मग आडवी झाली. आबांनी पाण्याची बादली उचलली, तिची कडी वाजली, आणि त्या आवाजासरशी घोडीनं मान वर केली. पाणी प्यायचं म्हणून. मान तशीच दोन क्षण हवेत राहिली, आणि मग खाली गेली.

चार वाजले असतील. तिला चारला पाणी द्यायची आबांची रोजची वेळ.

पुढं दोन-तीन आठवड्यांनी आबांनीच आम्हाला हाक मारली. दादाच्या घरी पाहुणे वाढले होते आणि आम्हाला बसायला जागा नव्हती. "हितं बसा," त्यांनी घोडीच्या खोलीकडं बोट दाखवलं. "रिकामं ठिवून काय करू?"

खोली त्यांनी धुतली होती. दगडी फरशी, कोपऱ्यात गव्हाण, भिंतीत कडी. धुऊनही वास गेला नव्हता, गवताचा, घामाचा, लिदीचा. आम्ही सतरंजी टाकून बसलो. आबा उंबऱ्यावर बसून ऐकायचे. पहिल्यांदा आम्हाला लाज वाटायची, मोठ्या माणसापुढं असलं खोटं-खोटं बोलायची. पण ते मन लावून ऐकायचे. मी काही चुकीचं सांगितलं की मध्येच, "घोडी आसं करत न्हाय," म्हणायचे आणि मी ते वाक्य बदलायची.

आवाज पहिल्यांदा कधी आला ते मला सांगता येणार नाही. म्हणजे मी ऐकला त्याआधीही तो येत असेल. खूर फरशीवर आपटल्याचा आवाज. दोनदा, जरा थांबून पुन्हा एकदा. भुकेलं किंवा तहानलेलं जनावर आपटतं तसा. मी गोष्ट सांगता सांगता थांबले. मैत्रिणीनं माझ्याकडं बघितलं. दादा वहीत बघत म्हणाला, "पलीकडं कोण तरी मिरची कुटालंय." आणि उंबऱ्यावरून आबा उठले, नळाखाली बादली ठेवली, नळ सोडला. बादली अर्धी भरल्यावर त्यांच्या लक्षात आलं. नळ बंद करून ते तिथंच उभे राहिले.

पुढच्या रविवारी पुन्हा. त्याच्या पुढच्याही. प्रत्येक वेळी चारच्या सुमाराला, आणि प्रत्येक वेळी आबा उठायचे. आम्ही तिघं कधी एका शब्दानं त्याबद्दल बोललो नाही. मला तेव्हा असं वाटायचं की बोललं तर एकतर तो आवाज खरा होईल, नाहीतर आबांचं उठणं वेडेपणा ठरेल. दोन्ही नको होतं.

त्याच खोलीत मी ते केलं.

गोष्टीत दोघं स्वार एका घाटातून पळत होते. मैत्रिणीचा घाटस्वार पुढं, दादाचा जोडस्वार मागं, शत्रूला अडवत. त्याची घोडी खेळात पांढरी होती, हे दादानं खूप आधी, आबांची घोडी जिवंत असताना ठरवलं होतं. बाण लागत गेले, जीवाचा आकडा उतरत शून्यावर आला. आता मला घोडी पडल्याचं सांगायचं होतं. चांगलं सांगायचं होतं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी म्हणाले, "ती पुढचे पाय रोवून अर्धी उठते. मागचे उचलत नाहीत. मान वळवून स्वतःच्या कुशीकडं बघते. मग आडवी होते. खाली ओढ्यावर कुणीतरी बादली उचलतं, कडी वाजते, आणि ती मान वर करते—"

आबा उठले. चपला पायात सरकवल्या आणि निघून गेले. दादानं फासा मुठीत धरला होता, तो तसाच राहिला. टाकलाच नाही.

मैत्रीण म्हणाली, "ते बादलीचं कशाला बोललीस तू?"

 आजही मी स्वतःला फसवून काही सांगू शकते, की नकळत तोंडातून गेलं वगैरे. नकळत गेलं नव्हतं. ती घोडी मेली त्या दिवसापासून ते मानेचं मी जपून ठेवलं होतं, कुठंतरी वापरायला.

पुढच्या रविवारी आबांच्या दाराला कुलूप होतं. मुलगी येऊन त्यांना आजऱ्याला घेऊन गेली असं कळलं. तब्येत बरी नव्हती म्हणे. आम्ही खेळ बंद केला. मैत्रीण कॉलेजात माझ्याशी बोलायची, पण प्रॅक्टिकलपुरतं. मला मात्र बादलीची कडी ऐकू यायला लागली. आई पाणी भरताना, कॅन्टीनमध्ये, एकदा परीक्षा चालू असताना हॉलच्या बाहेर. प्रत्येक वेळी मी मान वर करायची. आणि मान वर केली हे लक्षात आलं की अंगावर काटा यायचा.

उन्हाळ्यात दादा एकदा आमच्या दारात येऊन उभा राहिला. "आजऱ्याला जाऊया. मी सुट्टी टाकलीया. आबांस्नी भेटून येऊ."

एसटीनं तिघं गेलो. आबांची मुलगी काजूच्या कारखान्यात कामाला जायची. गावभर भाजलेल्या काजूच्या टरफलांचा जळका, तेलकट वास होता. आबा पडवीत खाटेवर बसले होते, निम्मे झालेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, आवाजावरून त्यांनी आम्हाला ओळखलं. मुलीनं चहा केला. मी माफी मागायची म्हणून सगळी वाक्यं बसमध्ये जुळवून ठेवली होती. तोंड उघडलं तेवढ्यात आबांनीच विचारलं,

"काय गं, उठली का न्हाय ती?"

"कोण, आबा?"

"ह्येची घोडी. घाटात पडलीती की. मी उठून आलो, पुढचं ऱ्हायलं ऐकायचं. हितं आल्यापास्नं त्येच डोस्क्यात हाय."

आम्ही एकमेकांकडं बघितलं. दादा म्हणाला, "आबा, आमी खेळलोच न्हाई पुढं. फासा टाकायचा ऱ्हायलाय."

"मग टाक की आता."

वही नव्हती, पण फासा दादाच्या खिशात होता. जोडस्वाराचा भरवसा चौदा होता, ते तिघांनाही पाठ होतं. चौदा किंवा कमी पडायला हवं. दादानं फासा माझ्या हातात दिला. मी म्हणाले, आबा, तुम्ही टाकता? तर ते म्हणाले, "न्हाय बाळ. गोष्ट तुझी हाय."

मुलीनं पुढं केलेल्या परातीत मी फासा टाकला. तो पितळेवर गडगडला, कडेला जाऊन परत आला आणि थांबला. सतरा.

"किती?" आबांनी विचारलं.

"नऊ," मी म्हणाले.

मैत्रिणीनं ओढणीचं टोक तोंडाला लावलं. दादा परातीकडं बघत राहिला.

"म्हंजे?"

"उठली आबा."

 आबा म्हणाले, "मागचं पाय गेल्यावर घोडं उठत न्हाय, पोरी."

 आता कबूल करावं असं वाटलं. पण त्यांनी हात हलवला. "ऱ्हाऊ दे. पुढं बोल."

मग मी बोलले. ती कशी उठली, दादानं तिच्या जखमेत फडकं कसं कोंबलं, अंग मागं टाकून तिला उतारावरून कसं चालवत नेलं. खाली गावात कुणी गवत दिलं, कुणी कोमट पाणी. घाम निघेपर्यंत पाणी थोडं थोडंच दिलं. तासभर तरी मी बोलत असेन. मी मुद्दाम दोन ठिकाणी चुकलेसुद्धा, त्यांनी टोकावं म्हणून. त्यांनी एकदाही मला टोकलं नाही.

परतीची एसटी धरली. गडहिंग्लजच्या पुढं दादा म्हणाला, "सतरा पडलंतं."

"हो."

"तू केलंस ते बरं केलंस. मीबी तेच केलं असतं. पर माझ्या वहीत त्यो मेला. दोघंबी." घरी गेल्यावर त्यानं खरंच त्या पानावर आडवी रेघ मारली आणि पुन्हा कधी जोडस्वार घेतला नाही. मैत्रीण खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "मी सांगतो, आबांना सगळं कळलंय." ती कोल्हापुरी मुलींसारखी स्वतःबद्दल बोलताना करतो-जातोच म्हणायची, चिडली की जास्तच. त्या दिवशी मात्र ती चिडलेली नव्हती. तिनं माझा हात धरला होता.

आबा त्या वर्षीच्या पावसाळ्यात गेले. आम्हाला महिन्यानं कळलं. मुलगी घर विकायला आली तेव्हा भेटली. काही सांगितलं का त्यांनी आमच्याबद्दल, असं विचारायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी विचारलं नाही.

पुढं शिक्षण संपलं, मैत्रिणीचं लग्न झालं, मी शाळेत लागले. इंटरनेट कॅफे गल्लोगल्ली झाले त्या वर्षांत मी आमच्या वहीतले पेशे इंग्रजीत टाइप करून अशा खेळांच्या एका संकेतस्थळावर टाकले. घाटस्वार लोकांना फार आवडला. काही महिन्यांनी युरोपातल्या कुठल्याशा गावातून एकाचं पत्र आलं. त्यांच्या गटात एका मुलीनं जोडस्वार घेतला होता, तिचा घोडा पहिल्याच दिवशी मेला आणि ती खेळ सोडून गेली. त्यानं सभ्यपणे विचारलं होतं, हा नियम एवढा कठोर का? यात चूक तर नाही ना झाली?

मी तो पेशा संकेतस्थळावरून काढून टाकला. त्या रविवारी दादाला सांगितलं. त्यानं तोवर शिरोलीतच स्वतःचं छोटं पॅटर्नचं दुकान टाकलं होतं, हातात रंधा तसाच होता. तो एवढा संतापेल असं मला वाटलं नव्हतं.

"तुझं तू काढ. सांगावास्वार काढ, भालास्वार काढ. ह्यो माझा हाय. मला इचारलंस?"

"कुणाला तरी त्रास झाला, दादा."

"हुईल की. झालाच पायजे," तो म्हणाला, आणि मग आवाज उतरवून, "ठिव परत."

मी त्याच संध्याकाळी कॅफेत जाऊन पेशा परत घातला, एक शब्दही न बदलता. त्या माणसाला दोन ओळी लिहिल्या. नियम बरोबर आहे, ज्यानं लिहिला त्याला तो तसाच हवा आहे. त्यानंतर ते पान मी उघडलेलं नाही.